दुसरी किल्ली कोणाकडे?

"सरकार माझा फोन ऐकू शकते का?" हा प्रश्न हल्ली कोणीही विचारतो, तो आता केवळ पुढाऱ्यांचा आणि पत्रकारांचा राहिलेला नाही. त्याला लागूनच बहुतेक जण एक वाक्य जोडतात, "ऐकेनात का, आपण कुठे चोरी केली आहे?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: होय, ऐकू शकते, आणि कायद्याने ऐकू शकते. दुसऱ्या वाक्यात मात्र बरेच काही गृहीत धरलेले आहे. ऐकणारा नेहमी गुन्हेगाराच्याच मागावर असतो, त्याची चूक होत नाही, झालीच तर कोणीतरी ती दुरुस्त करते आणि आपण खासगीपणा सोडला की त्या प्रमाणात सुरक्षा पदरात पडते, अशी ही गृहीतके. ती एकेक करून तपासली की वादाचे स्वरूपच बदलते. खासगीपणा किती सोडायचा आणि सुरक्षा किती घ्यायची, असा हिशेब सहसा मांडला जातो. पण तो चुकीच्या जागी मांडलेला आहे. राज्याला काही फोन ऐकावेच लागतात, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. खरा प्रश्न एवढाच आहे, की ऐकण्याची परवानगी मागणारे आणि ती देणारे एकाच सरकारचे नोकर असावेत का?

१. कायदा काय म्हणतो?

टेलिग्राफ कायदा इंग्रजांनी १८८५ मध्ये केला. पुढे तारा गेल्या, घरोघरी टेलिफोन आले, खिशात मोबाइल आला, तरी संभाषण ऐकण्याचा सरकारी अधिकार याच कायद्याच्या कलम ५(२) मधून येत राहिला. हे कलम दोन अटी घालते. पहिली अट अशी, की सार्वजनिक आणीबाणी उद्भवलेली असावी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी ते आवश्यक असावे. दुसरी अट कारणाची आहे. देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याला मिळणारी चिथावणी रोखणे, यांपैकी एक कारण हवे. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच आदेश काढता येतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने जुन्या कायद्याची जागा घेतली, पण ही शब्दरचना कलम २० मध्ये जवळजवळ तशीच ठेवली. संगणक, ईमेल आणि मेसेजिंग ॲपसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ आहे. मुंबईवरील हल्ल्यानंतर महिनाभरातच, डिसेंबर २००८ मध्ये संसदेने दुरुस्ती करून ते आजच्या रूपात आणले. त्यात आणीबाणीची किंवा सार्वजनिक सुरक्षिततेची पहिली अट नाही. कोणत्याही गुन्ह्याचा तपास हे कारणही त्याला पुरते. म्हणजे फोनवर बोललेले वाक्य आणि तेच वाक्य टाइप करून पाठवलेले, यांना कायद्याचे संरक्षण सारखे नाही. २० डिसेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने या कलमाखाली पाळत ठेवू शकणाऱ्या दहा यंत्रणांची नावे जाहीर केली.

कायदा असला तरी कार्यपद्धती दीर्घकाळ नव्हती. आदेश कोणी काढायचा, किती दिवसांसाठी, ध्वनिमुद्रणाचे पुढे काय करायचे, याचे नियमच केलेले नव्हते. त्याचे परिणाम दिसत होते. १९८८ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना फोन टॅपिंगच्या आरोपांनंतर राजीनामा द्यावा लागला. १९९१ मध्ये राजकारण्यांच्या फोन टॅपिंगविषयीचा सीबीआयचा अहवाल 'मेनस्ट्रीम' साप्ताहिकात छापून आला आणि पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. डिसेंबर १९९६ मध्ये न्या. कुलदीप सिंग आणि न्या. एस. सगीर अहमद यांनी निकाल दिला. फोनवरचे बोलणे हा खासगी आयुष्याचा भाग आहे, असे सांगून त्यांनी कार्यपद्धती ठरवून दिली. तीच पुढे २००७ मध्ये नियम ४१९-अ या नावाने नियमांत उतरली आणि डिसेंबर २०२४ च्या नव्या नियमांतही तिचा मूळ सांगाडा कायम आहे. आदेश केंद्रात गृहसचिव काढतात, राज्यात गृह विभागाचे सचिव. एका आदेशाची मुदत ६० दिवस. वाढवत नेली तरी एकूण १८० दिवसांच्या पुढे नाही. प्रत्येक आदेश पुनर्विलोकन समितीकडे जातो. केंद्रातल्या समितीचे अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव, राज्यातल्या समितीचे मुख्य सचिव, आणि बाकीचे सदस्यही सचिवच.

२. लपवण्यासारखे काही नाही, मग भीती कसली?

खासगी गोष्ट म्हणजे लपवलेली वाईट गोष्ट, ही समजूत या वाक्यामागे आहे. प्रत्यक्षात माणूस ज्या गोष्टी चारचौघांत बोलत नाही त्यांतल्या बहुतेक निर्दोष असतात: आजाराचे निदान, लग्नाची फिसकटलेली बोलणी, नवी नोकरी शोधत असल्याची बाब, भावांमधला जमिनीचा वाद, वकिलाशी केलेली मसलत. त्या बाहेर गेल्याने गुन्हा सिद्ध होत नाही. माणूस दुसऱ्याच्या मुठीत मात्र जातो. नोकरी देणारा, व्याही, प्रतिस्पर्धी, गावातला राजकीय विरोधक, यांच्यापैकी कोणाच्या हाती काय पडले तर काय होईल, याचा विचार प्रत्येकाने स्वतःपुरता करून पाहावा. खासगीपणाचे काम हेच आहे. आपल्याविषयी कोणाला काय कळावे, हे ठरवण्याची ताकद तो आपल्या हाती ठेवतो.

"पण माझे बोलणे ऐकत नाहीत, फक्त नोंदी घेतात," असेही समाधान काही जण मानतात. या नोंदींना पोलिसी भाषेत सीडीआर म्हणतात. कोणत्या क्रमांकावरून कोणत्या क्रमांकावर, किती वाजता, किती सेकंद आणि कोणत्या टॉवरच्या पट्ट्यातून फोन झाला, एवढेच त्यात असते; बोललेला एकही शब्द नसतो. आता एका काल्पनिक माणसाच्या एका दिवसाच्या नोंदी पाहू. सकाळी दहाला तपासणी प्रयोगशाळेतून आलेला दोन मिनिटांचा फोन. सव्वादहाला कर्करोगतज्ज्ञाच्या दवाखान्याला केलेला फोन. अकराला विमा कंपनीला, वीस मिनिटे. दुपारी बहिणीला, पन्नास मिनिटे. संध्याकाळी मोबाइल कर्करोग रुग्णालयाजवळच्या टॉवरवर. शब्द एकही नाही, तरी त्या घरावर काय ओढवले आहे हे कोणीही सांगू शकेल. बोलताना माणूस कधी खोटे बोलतो, कधी मोघम बोलतो. नोंदी तसे करत नाहीत. आणि या नोंदी मिळवण्यासाठी गृहसचिवांच्या आदेशाची पायरी नाही. जिथे दार उघडे तिथे बाजार उभा राहतो. खासगी गुप्तहेरांना सीडीआर विकण्याचा बेकायदा धंदा ठाणे पोलिसांनी २०१८ मध्ये उघडकीस आणला, तेव्हा ही गोष्ट महाराष्ट्राने पाहिली आहे.

३. ऐकल्याने सुरक्षा वाढते का?

वाढते, आणि याचा सर्वांत ठळक पुरावा मुंबईतच आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमध्ये शिरलेले दहशतवादी पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी फोनवर बोलत होते, आणि हल्ला चालू असतानाच ती संभाषणे यंत्रणांनी ध्वनिमुद्रित केली. कोठे आग लावा, ओलिसांचे काय करा, हे सीमेपलीकडून सांगितले जात असल्याचे त्यातून सिद्ध झाले. कसाबची फाशी कायम करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०१२ च्या निकालात या संभाषणांचा विस्ताराने विचार झालेला आहे. फोन कधीच ऐकू नयेत असे म्हणणाऱ्याला या पुराव्याचे उत्तर देता येणार नाही. पण हा पुरावा नेमके काय सिद्ध करतो, तेही पाहायला हवे. ऐकलेले क्रमांक मोजके होते, वापरणारे हल्लेखोर होते आणि कारण स्पष्ट होते. तेव्हा एखाद्या न्यायाधीशापुढे अशी मागणी गेली असती तर ती नाकारणारा न्यायाधीश सापडला नसता. या उदाहरणातून संशयितावर पाळत ठेवण्याचे समर्थन होते. सगळ्यांवर ठेवण्याचे होत नाही.

सगळ्यांवर पाळत ठेवून त्यातून धोकादायक माणसे निवडावीत, ही कल्पना ऐकायला समंजस वाटते. ती का फसते हे समजण्यासाठी साधी आकडेमोड पुरते. महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ११ कोटींच्या वर होती. सोयीसाठी ११ कोटी धरू. समजा, त्यांत खरोखर धोकादायक अशी १,००० माणसे आहेत. समजा, फोनच्या नोंदींवरून धोका ओळखणारी एक संगणकीय प्रणाली आहे आणि तिचा निर्णय शंभरांतून ९९ वेळा बरोबर येतो. ती १,००० पैकी ९९० जणांवर बोट ठेवील. पण उरलेल्या निर्दोष लोकांबाबत तिची एक टक्का चूक म्हणजे ११ लाख माणसे. संशयितांच्या यादीत मग ११ लाखांहून अधिक नावे असतील आणि त्यांत दर १,१०० माणसांमागे जेमतेम एक जण खरा. ही यादी तपासायला माणसे कोठून आणायची? जे पोलिस त्या ९९० जणांच्या मागे लागायला हवे होते, ते निर्दोषांच्या चौकशीत अडकतील. इथे खासगीपणा जातो आणि सुरक्षाही जाते. एकाची घट म्हणजे दुसऱ्याची वाढ, हा नियमच इथे लागू पडत नाही.

अमेरिकेने हा प्रयोग करून पाहिला आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तिथल्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने नागरिकांच्या फोन-नोंदी घाऊक प्रमाणात गोळा करायला सुरुवात केली. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी ते जगासमोर आणले. त्यानंतर खासगीपणा व नागरी स्वातंत्र्याविषयीच्या सरकारी देखरेख मंडळाने गोपनीय कागदपत्रे पाहून जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला. दहशतवादविरोधी तपासाचा निकाल या कार्यक्रमामुळे ठोसपणे बदलला, असे एकही उदाहरण मंडळाला आढळले नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने कायदा करून नोंदींचे ते घाऊक संकलन थांबवले. मुंबईच्या बाबतीतही समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, मोठी हॉटेले लक्ष्य होऊ शकतात, असे इशारे आधी मिळालेले होते. कमतरता माहितीची कमी आणि माहिती जोडून तिच्यावर कृती करण्याची अधिक होती.

४. न्यायालयाची कसोटी

भारतात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे की नाही, यावर सहा दशके धुके होते. १९५४ आणि १९६२ च्या दोन मोठ्या पीठांच्या निकालांत तसा हक्क राज्यघटनेत नसल्याचे म्हटले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधारला आव्हान दिले आणि त्यातूनच हा प्रश्न नऊ न्यायाधीशांसमोर गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्यांनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याच निकालात त्यांनी हेही सांगितले, की हा हक्क निरंकुश नाही. राज्य त्यात हात घालू शकते, पण तीन प्रश्नांची उत्तरे देऊन: त्यासाठी कायदा आहे का? हेतू रास्त आहे का? आणि उपाय त्या हेतूच्या मानाने बेताचा आहे का?

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण, म्हणून एक उदाहरण घेऊ. एका शहरात व्यापाऱ्यांना खंडणीचे फोन येत आहेत. पोलिसांपुढे तीन मार्ग आहेत. ज्या क्रमांकांवरून धमक्या आल्या ते ऐकणे, हा पहिला. ज्या बाजारपेठेत खंडणी गोळा झाली तिथल्या टॉवरवर त्या तासाभरात असलेल्या सर्व मोबाइलच्या नोंदी मागवणे, म्हणजे टॉवर डंप, हा दुसरा. संपूर्ण शहराच्या नोंदी कायमच्या साठवून ठेवणे, हा तिसरा. कायदा आणि रास्त हेतू तिन्ही ठिकाणी आहे असे मानले तरी तिन्ही मार्ग सारखे ठरत नाहीत. पहिल्याने काम भागत असेल तर दुसरा नको. पहिला निष्फळ ठरला तर दुसरा चालेल, पण संबंध नसलेल्यांच्या नोंदी तपास होताच नष्ट करायला हव्यात. तिसऱ्याने हजारो निर्दोष लोकांचे आयुष्य उघडे पडते आणि खंडणीखोर पकडायला त्याची गरजही नसते. कमीत कमी घुसखोरीत काम होत असेल तर अधिक करायचे नाही, हा या कसोटीचा गाभा.

ही कसोटी मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये लावली. बँक अधिकाऱ्याला दहा लाखांची लाच दिल्याच्या आरोपाचे ते प्रकरण होते आणि तपासात २००९-१० मधल्या तीन आदेशांनी आरोपीचे फोन ऐकले गेले होते. न्यायालय म्हणाले, लाच हा गुन्हा आहे, पण इथे सार्वजनिक आणीबाणी कोठे आहे, सार्वजनिक सुरक्षितता कोठे धोक्यात आली? तिन्ही आदेश रद्द झाले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगण्यात आले. या निकालातली एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. फोन ऐकला गेल्याचे आरोपीला कळले, कारण ते संभाषण त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे आले. ज्याच्या फोनवर काहीच सापडले नाही, ज्याच्यावर खटलाच भरला गेला नाही, त्याला ते कधीच कळत नाही. आजच्या व्यवस्थेत दाद मागण्याची संधी मिळाली तर ती आरोपीला. पूर्ण निर्दोष माणसाला नाही.

५. एकाच जुडग्यातल्या किल्ल्या

बँकेतला लॉकर एका किल्लीने उघडत नाही. एक किल्ली ग्राहकाकडे असते, दुसरी बँकेकडे, आणि दोन्ही लागल्याशिवाय दार हलत नाही. यात कोणी कोणावर अविश्वास दाखवलेला नसतो. एका माणसाच्या चुकीने किंवा लोभाने दार उघडू नये, एवढीच काळजी असते. फोन ऐकण्याच्या आपल्या पद्धतीत किल्ल्या कागदावर तीन आहेत: मागणी करणारी यंत्रणा, आदेश काढणारे गृहसचिव आणि पुनर्विलोकन करणारी समिती. पण तिन्ही एकाच जुडग्यात, म्हणजे कार्यपालिकेच्याच हातात आहेत. न्यायाधीश, आमदार, खासदार किंवा बाहेरचा कोणीही या साखळीत कोठेच येत नाही.

समिती तरी नीट पाहू शकते का? न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील समितीने विदा (डेटा) संरक्षणावरच्या २०१८ च्या अहवालात याचा हिशेब दिला आहे. केंद्राची पुनर्विलोकन समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि प्रत्येक बैठकीत तिच्यापुढे १५,००० ते १८,००० आदेश असतात. समजा, हे अतिवरिष्ठ सचिव त्या दिवशी बाकी सारी कामे सोडून सलग आठ तास बसले. आठ तासांचे सेकंद होतात २८,८००. म्हणजे एका आदेशाला दोन सेकंदही मिळत नाहीत. एवढ्या वेळात आदेशावरचे नावही धड वाचून होत नाही. कारण रास्त आहे का, कमी घुसखोरीचा मार्ग होता का, हे पाहणे दूरच. सचिवांच्या प्रामाणिकपणाचा इथे प्रश्नच येत नाही. जगातला सर्वांत प्रामाणिक माणूसही दोन सेकंदांत न्याय करू शकत नाही.

मग १९९६ मध्येच न्यायालयाने न्यायाधीशाची पूर्वपरवानगी का सक्तीची केली नाही? तशी मागणी झाली होती. कायद्यात तशी तरतूद नसताना ती आम्ही घालू शकत नाही, असे न्यायालय म्हणाले आणि कार्यपद्धती आखताना ब्रिटनच्या १९८५ च्या कायद्याचा दाखला त्याने घेतला. त्या कायद्यात फोन ऐकण्याचे वॉरंट मंत्री देत असत. गंमत अशी, की ब्रिटनने स्वतः ही पद्धत सोडली. २०१६ च्या तिथल्या कायद्यानुसार मंत्र्याने सही केली तरी स्वतंत्र न्यायिक आयुक्ताची मंजुरी मिळाल्याशिवाय, तातडीचे प्रसंग सोडता, वॉरंट अमलात येत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही पुढे तीच दिशा दाखवली. सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणासाठी सहसचिवाच्या आदेशाने माहिती उघड करण्याची तरतूद, कलम ३३(२), रद्द झाली. अधिकारी सहसचिवाहून वरच्या दर्जाचा असावा आणि निर्णयात न्यायिक अधिकारी, शक्यतो उच्च न्यायालयाचा विद्यमान न्यायाधीश, सहभागी असावा, असे न्यायालयाने सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीत सहसचिवाच्या जागी सचिव आले. न्यायाधीश काही आले नाहीत. म्हणजे जुडग्यातली किल्ली मोठी झाली, जुडगे तेच राहिले.

६. चार आक्षेप

पहिला आक्षेप वेळेचा आहे. बॉम्ब फुटायला तास उरलेला असताना न्यायाधीश शोधत बसायचे का? या अडचणीवर नियमांनीच तोडगा काढलेला आहे. तातडीच्या प्रसंगी ठरावीक दर्जाचा अधिकारी आधी ऐकायला सुरुवात करू शकतो. त्यानंतर सात कामकाजाच्या दिवसांत सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी मिळाली नाही तर ऐकणे थांबवावे लागते. आज ही मंजुरी गृहसचिव देतात. तिथे न्यायाधीश आणला तर तपासाचा एक मिनिटही वाया जात नाही. शिवाय जिथे पाळत महिनोन्‌महिने चालते, तिथे तासाभराच्या घाईचा मुद्दा आणता येत नाही.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा. न्यायालयात गेले की बातमी फुटेल, असे सांगितले जाते. पण बंद दालनात, एका न्यायाधीशापुढे, दुसऱ्या बाजूला न बोलावता सुनावणी होऊ शकते. अमेरिकेत गुन्हेगारी तपासासाठी फोन ऐकायला १९६८ पासून न्यायाधीशाचा आदेश लागतो आणि तिथला तपास त्यामुळे ठप्प झालेला नाही. आपल्याकडे 'राष्ट्रीय सुरक्षा' या दोन शब्दांनी चर्चाच बंद करण्याची सवय आहे. फोनमध्ये शिरणारे पेगॅसस हे हेर-सॉफ्टवेअर सरकारने वापरल्याच्या आरोपांच्या प्रकरणी ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की केवळ हे शब्द उच्चारल्याने सरकारला मोकळीक मिळत नाही. त्याने नेमलेल्या तांत्रिक समितीने २९ फोन तपासले; पाच फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळले, ते पेगॅससच होते असा निष्कर्ष निघाला नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही अशी नोंद समितीने केली. आरोप खरे की खोटे हे आजही निश्चित सांगता येत नाही. बंद व्यवस्थेत निर्दोष सरकारलाही आपले निर्दोषत्व सिद्ध करता येत नाही, ही तिची मोठी किंमत आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. न्यायाधीश तरी काय करणार? तेही सह्याच ठोकतील. अमेरिकेतल्या गुप्त पाळत न्यायालयाचा इतिहास या शंकेला बळ देतो. १९७९ पासूनच्या पहिल्या तीन दशकांहून अधिक काळात त्याच्यापुढे ३३ हजारांहून जास्त अर्ज आले आणि नाकारले गेले जेमतेम डझनभर. हा आकडा अस्वस्थ करणारा आहे आणि त्यावरून एक धडा घ्यायला हवा: नुसता न्यायाधीश पुरेसा नाही. एकच बाजू ऐकणारे न्यायालय हळूहळू त्या बाजूचे होते. म्हणूनच २०१५ मध्ये अमेरिकेने त्या न्यायालयाला महत्त्वाच्या प्रकरणांत तटस्थ वकिलाचे मत घेण्याची सोय करून दिली. तरीही न्यायाधीशाची अट निरुपयोगी ठरत नाही. बाहेरच्या माणसाला लेखी कारण द्यायचे आहे हे कळले, की तकलादू मागण्या कार्यालयातच गळतात. त्या नाकारलेल्या अर्जांच्या संख्येत कधी दिसत नाहीत.

चौथा आक्षेप असा, की मोबाइल कंपन्या, ॲप आणि समाजमाध्यमे आपली सारी माहिती आधीच घेतात. मग सरकारवरच रोख का? कंपन्यांना लगाम हवाच. पण कंपनी जाहिरात दाखवू शकते, फार तर कर्ज नाकारू शकते. अटक करू शकत नाही. कंपनी बदलता येते, राज्य बदलता येत नाही. ज्याच्या हाती दंडशक्ती आहे त्याच्यावरचा अंकुश अधिक कडक असायला हवा. आपल्याकडे मात्र उलटे घडले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने कंपन्यांवर बंधने घातली आणि कलम १७(२) ने केंद्र सरकारला आपल्या कोणत्याही यंत्रणेला त्या कायद्यातून सूट देण्याची मुभा ठेवली.

७. मग काय बदलायला हवे?

तीन गोष्टी पुरेशा आहेत आणि तिन्ही जगात कोठे ना कोठे चालू आहेत. पहिली, न्यायाधीशाची मंजुरी, तातडीच्या प्रसंगी ती नंतर घेण्याच्या सवलतीसह. दुसरी, पाळत संपल्यावर संबंधिताला कळवणे. अमेरिकेच्या कायद्यात आदेशाची मुदत संपल्यापासून साधारण ९० दिवसांत कळवण्याची तरतूद आहे. तपासाला बाधा येत असेल तर न्यायाधीश ती मुदत पुढे ढकलू शकतो. ज्याला कळलेच नाही तो दाद कशी मागणार? तिसरी, वार्षिक आकडे: किती आदेश निघाले, कोणत्या कारणांसाठी, किती प्रकरणांत आरोपपत्र दाखल झाले. यात एकाही संशयिताचे नाव फुटत नाही, पण पाळत कामाची आहे की सवयीची, हे लोकांना कळते.

अशा व्यवस्थेचा फायदा प्रामाणिक अधिकाऱ्यालाही आहे. काही राजकीय नेत्यांचे फोन खोट्या नावांखाली ऐकले गेल्याच्या आरोपावरून २०२२ मध्ये पुणे आणि मुंबईत गुन्हे नोंदले गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. मधल्या काळात सरकारे बदलली, आरोप-प्रत्यारोप झाले. आदेश देतेवेळी बाहेरच्या कोणी कारण तपासले असते तर दोन्ही बाजूंना त्याचा आधार मिळाला असता. सत्ता बदलताच ऐकणारे आणि ऐकले जाणारे यांची अदलाबदल होते, हे महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांनाही आता ठाऊक आहे. म्हणून ही मागणी कोणत्याही एका पक्षाविरुद्ध नाही.

सुरक्षेसाठी नवा कायदा, नवी प्रणाली किंवा नवे कॅमेरे येतील तेव्हा वाचकाने "खासगीपणा हवा की सुरक्षा?" या सवालाला उत्तर देत बसू नये. त्याऐवजी आपल्या आमदार-खासदारांना एवढेच विचारावे: परवानगी कोण देणार, ती देणारा सरकारबाहेरचा आहे का, आणि चूक झाली तर मला कळणार कसे? या तीन प्रश्नांची उत्तरे कायद्यात लिहिलेली नसतील, तर त्या कायद्याने सरकारची सोय होईल. नागरिकाची सुरक्षा होईलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.